फोनचा कळफलक आणि 'च'ची जागा

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेली माणसं आज सर्किट बोर्डावर बोलणार, हे काहींना विचित्र वाटेल. पण कारण साधं आहे. फोनच्या काचेवर लिहिताना बोट योग्य अक्षरावर पडलं की शेजारच्या, हे डोळ्यांनी तपासावं लागतं. खरी कळ असली की ते बोटालाच कळतं. म्हणून आम्ही फोनला जोडायचा एक छोटा कीबोर्ड करायला घेतला. त्याचा बोर्ड स्वतःच का आखावा लागला आणि तो कसा आखतात, एवढंच आज पाहू.

हौशी मंडळींचा रुळलेला मार्ग म्हणजे जुन्या ब्लॅकबेरी फोनचा कीबोर्ड काढायचा आणि त्याच्यासाठी छोटा बोर्ड करायचा. कळा उत्तम असतात, प्रश्नच नाही. पण अक्षरांच्या कळा २६, म्हणजे इंग्रजीपुरत्या. आता आपली इनस्क्रिप्ट मांडणी आठवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'च्या कळेवर क, 'जे'च्या कळेवर र. इथवर ठीक. पण च असतो अर्धविरामाच्या कळेवर, ट एकेरी अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या आणि य तिरक्या रेघेच्या कळेवर. या कळा त्या छोट्या कीबोर्डावर स्वतंत्र नसतातच! ही अक्षरं सॉफ्टवेअरनं दुसऱ्या थरावर बसवता येतात, हे खरं. पण मग 'चटई' लिहिताना पहिल्या दोन्ही अक्षरांना दोन-दोन कळा दाबाव्या लागणार. कुठलं अक्षर सरळ आणि कुठलं आडवळणानं, हा निर्णय आपल्या आधीच कुणीतरी तांब्यात कोरून ठेवलेला असतो. तो बदलायचा तर बोर्ड आपलाच हवा.

मग हिशेब मांडू. अक्षरांच्या २६ कळा, चिन्हांच्या १०, म्हणजे ३६. त्यात स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट धरून ४०. अंकांच्या थरासाठी एक, भाषा बदलायला एक. एकूण ४२. प्रत्येक कळेला वेगळी तार दिली तर मायक्रोकंट्रोलरला ४२ पाय लागतील. आम्ही घेतलेल्या आरपी २०४० या चिपला अशा कामाचे पाय ३० आहेत. म्हणून कळा जाळीत बसवायच्या: ६ आडव्या ओळी, ७ उभे स्तंभ. ६ गुणिले ७ म्हणजे ४२ कळा, आणि तारा फक्त १३. चिप एकेका ओळीला क्षणभर वीज देते आणि कुठल्या स्तंभातून ती बाहेर येते ते पाहते. तिसरी ओळ, पाचवा स्तंभ, म्हणजे अमुक कळ दाबलेली आहे.

इथे आम्हाला आमचा जुना विषय भेटला. चिपला कळ दिसत नाही. ती वीज पाहून कळेचं अनुमान करते, जसं आपण धूर पाहून अग्नीचं करतो. आता जाळीतल्या एखाद्या आयताचे तीन कोपरे एकदम दाबले, तर वीज त्या तिन्ही कळांतून वळसा घालून जाते आणि चौथी कळही दाबल्यासारखी दिसते. या न दाबलेल्या कळेला भुताची कळ म्हणतात. नैयायिक म्हणतील, हा सव्यभिचार हेतू झाला: खूण आहे, पण जिची ती खूण ती वस्तू नाही. ही गंमत पुस्तकी नाही बरं का. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, भ सगळे शिफ्ट धरून येतात. शिफ्ट दाबलेली आहे, एक बोट उठतंय, दुसरं पडतंय, झाल्या तीन कळा. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक कळेला एक डायोड लावायचा, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाईल आणि उलटा वळसा बंद. सगळे डायोड सारखेच उलटे बसले तर प्रोग्राममध्ये दिशा बदलून निभावतं. एकच उलटा बसला तर तेवढी कळ मुकी राहते.

आणखी दोन गोष्टी. कळेचे धातू एकमेकांना टेकताना थरथरतात, म्हणून प्रोग्राम साधारण ५ मिलिसेकंद थांबून मगच निकाल देतो. दुसरं, कीबोर्ड फोनला अक्षर पाठवतच नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. 'के'च्या कळेचा क्रमांक १४. त्याचा क करायचा की इंग्रजी के, हे फोनमधली मांडणी ठरवते.

बोर्डावर यूएसबी-सीचं सॉकेट असेल तर त्याच्या दोन सीसी पायांना ५.१ किलोओहमचे दोन स्वतंत्र रोध हवेत. ते पाहूनच फोन ओळखतो की समोरच्याला वीज द्यायची आहे. दोघांत एकच रोध वाटून देऊ नये. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांत तेच झालं होतं, आणि काही केबलींवर तो चालूच होत नसे.

आराखडा आम्ही कायकॅड या मोफत प्रोग्राममध्ये केला. आधी जोडणीचा नकाशा, मग प्रत्येक भागाची बोर्डावरची जागा, मग तांब्याच्या वाटा. शेवटी संगणक नियम तपासतो. आमच्या आराखड्यात त्याला एकही चूक सापडली नाही. पाच बोर्ड मागवले, आणि पाचही सारखेच चुकलेले निघाले! 'च' नियमाप्रमाणे उजव्या टोकाला होता, अगदी स्क्रूच्या डोक्याशेजारी. अंगठा तिथं पोहोचेचना. ज्या अक्षरासाठी एवढा खटाटोप, त्याला कळ मिळाली आणि बोट मिळालं नाही.

संगणकाला दोन वाटांमधलं अंतर ठाऊक असतं, अंगठा ठाऊक नसतो. युक्तिवाद तर्कशुद्ध असणं वेगळं आणि त्याचा निष्कर्ष खरा असणं वेगळं, हे वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. इथे ते पैसे भरून शिकलो. दुसऱ्या खेपेला आराखडा आधी मूळ मापात कागदावर छापला, पुठ्ठ्यावर चिकटवून फोनखाली धरला आणि त्यावर 'चटई', 'यश', 'डोळा' असे शब्द नुसतेच टाइप करून पाहिले. दोन कळा आत सरकवल्या, स्क्रू बाहेर नेला. तुम्ही करायला घ्याल तेव्हा सुरुवात या कागदापासूनच करा. कागदावरची रेघ खोडता येते, तांब्यावरची नाही.