पास्ता ए फाजोली : एका पातेल्यातलं जेवण

इटलीत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत घरोघरी होणारं हे पास्ता आणि घेवड्याच्या दाण्यांचं दाट सूप. मूळचं गरिबाघरचं. मांस परवडत नसे, तिथे दाण्यांनी पोट भरायचं. हे दाणे म्हणजे बोरलोत्ती, आपल्या राजम्याचेच सख्खे भाऊ. 16व्या शतकात ते अमेरिका खंडातून युरोपात आले. उत्तरेकडच्या व्हेनेतो प्रांतात लामोन गावच्या दाण्यांचा मान मोठा. नेपल्समध्ये मात्र डब्यांच्या तळाशी उरलेले नाना आकारांचे पास्ते एकत्र करून घालतात, आणि सूप इतकं घट्ट ठेवतात की चमचा उभा राहावा.

चौघांसाठी कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परता. इथे घाई नको, सगळी चव इथेच तयार होते. मग लसूण, रोझमेरी, दोन टोमॅटो, दोन वाट्या शिजलेले दाणे आणि लिटरभर पाणी. पार्मेजान चीजची कडक साल असेल तर तीही टाका. ती फेकणं म्हणजे नुसती उधळपट्टी. पंधरा मिनिटांनी एक वाटी दाणे घोटून परत घाला. दाटपणा त्यानेच येतो, क्रीमची गरज नाही. शेवटी दीडशे ग्रॅम दितालिनी, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, त्यातच शिजवा.

दाणे आदल्या रात्री भिजवून, कुकरमध्ये शिजवून ठेवले तर संध्याकाळचं काम पाऊण तासात उरकतं. उद्यासाठी ठेवायचं असेल तर पास्ता वेगळा उकडा, नाहीतर रात्रीतून तो सगळा रस पिऊन टाकतो.