जुनी अक्षरजुळणी, नवा संगणक

ग्वाल्हेरच्या आलीजाह दरबार प्रेसमध्ये छापलेले एखादे पुस्तक आज हाती आले, तर ते वाचायला डोळे आणि देवनागरीची ओळख एवढे पुरते. शिंदेशाहीतला मोडी कागद वाचायला मोडी जाणणारा माणूस लागतो. तो मिळणे अवघड झाले असले तरी मोडी शिकता येते. १९९५ ते २०१० या काळात संगणकावर जुळवलेल्या मराठी मजकुराची अवस्था या दोहोंहून वेगळी आहे. तो वाचायला आधी एक ठरावीक आज्ञावली (बोलण्यात आपण प्रोग्रॅम म्हणतो) लागते. ती चालायला ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम लागते. आणि ती सिस्टिम ज्या संगणकांवर होती, ते बहुतेक भंगारात गेले. स्मरणिका, प्रबंध, काव्यसंग्रह, कुलवृत्तान्त असे बृहन्महाराष्ट्रातले बरेच लेखन याच काळातले आहे. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांवर सोपवून चालणार नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरून एक सीडी आली. लष्कर भागात, दालबाजाराजवळच्या एका दुकानात जुळवलेला त्यांचा अप्रकाशित लेखसंग्रह तीत होता. फॉन्ट कृतिदेव, मांडणी पेजमेकरमध्ये. हस्तलिखित उरलेले नाही. घरातल्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यावर ही फाईल उघडत नाही.

का उघडत नाही, हे आधी समजून घेऊ. कोणतीही आज्ञावली सगळी कामे स्वतः करत नाही. ‘खिडकी उघड’, ‘अमुक फाईल आण’, ‘हे अक्षर पडद्यावर दाखव’ अशा मागण्या ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे करते. पेजमेकर या मागण्या विंडोजच्या बोलीत करतो. लिनक्सला ती बोली कळत नाही. मग तीन मार्ग उरतात.

पहिला दुभाष्याचा. ‘वाईन’ नावाची मोफत आज्ञावली विंडोजच्या बोलीतली प्रत्येक मागणी ऐकते आणि लिनक्सच्या बोलीत पुढे पोचवते. तिचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० ही आवृत्ती २००८ मध्ये निघाली. पंधरा वर्षे लागली, यावरूनच विंडोजचा शब्दसंग्रह केवढा आहे याची कल्पना यावी. साध्या आज्ञावल्या या मार्गाने सुरेख चालतात. पण दुभाष्याला न येणारा एखादा वाक्प्रचार मध्येच आला, की छपाई अडते किंवा मांडणी विस्कटते.

दुसरा मार्ग घरात घर बांधण्याचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीच्या पोटात आभासी संगणक तयार करून त्यात चक्क जुने विंडोज एक्सपी बसवायचे. पेजमेकरला आपण २००१ सालीच आहोत असे वाटते. (त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती त्याच सालची.) यासाठी एक्सपीची अधिकृत प्रत हवी, आणि या आतल्या घराला इंटरनेटची जोडणी देऊ नये, एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ पासून बंद आहे. लेखसंग्रह आम्हाला याच मार्गाने उघडता आला. पुस्तकाची मांडणी जशीच्या तशी हवी असेल, तर माझा कौल यालाच.

तिसरा मार्ग एम्युलेटरचा. यात सिस्टिमच नव्हे, तर प्रोसेसरचेही सोंग वठवले जाते. २०२० च्या अखेरीपासून ॲपलने आपल्या संगणकांत वेगळ्या जातीचा प्रोसेसर घालायला सुरुवात केली. त्यांवर जुने एक्सपी चालवायचे तर हाच उपाय, आणि तो संथ असतो. डॉस काळातल्या आज्ञावल्यांसाठी मात्र ‘डॉसबॉक्स’ छान चालतो. तो मुळात जुन्या खेळांसाठी बनला. दालबाजारातल्या एका आडत्याच्या पेढीवर मी तो जुने हिशेब पाहण्यासाठी चालवलेला पाहिला. वही बदलली तरी जुनी वही वाचता आली पाहिजे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या साहित्यसंस्थांना अजून सांगावे लागते.

फाईल उघडली म्हणजे मजकूर हाती आला, असे मात्र नाही. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. म-च्या जागी इंग्रजी ई, र-च्या जागी जे, कान्यासाठी के, ठ-साठी मोठा बी आणि दीर्घ वेलांटीसाठी एच, अशी पाच इंग्रजी अक्षरे तिथे साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी पोशाख चढवतो. फॉन्ट काढला, की उरतो अर्थहीन गोंधळ. म्हणून पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढून तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट. परिवर्तक आज्ञावल्या हे फेरफार करतात, पण त्यांतल्या पुष्कळ हिंदीसाठी घडलेल्या आहेत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद त्यांना ठाऊक असेलच असे नाही. शेवटचे वाचन मराठी माणसानेच करायला हवे. लेखसंग्रहातल्या दोन लेखांच्या तळटीपा कृतिदेवात नव्हत्या, दुसऱ्याच फॉन्टमध्ये होत्या. पेजमेकर त्याचे नाव सांगतो, पण तो फॉन्ट अजून मिळालेला नाही. तेवढ्या तळटीपा डोळ्यांसमोर असून वाचता येत नाहीत.

तेव्हा कुणाच्या घरी किंवा संस्थेत जुना संगणक मोडीत निघत असेल, तर लेखनाच्या फाईलींबरोबर त्यातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर आधी उतरवून घ्यावा. अक्षरजुळणीच्या आज्ञावलीची मूळ सीडी टाकू नये. आणि संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या रुंद खोबणीत, आगपेटीएवढे काही खोचलेले दिसले तर तेही जपून काढावे. काही आज्ञावल्यांचे ते कुलूप असते. ते नसेल, तर त्या सुरूच होत नाहीत.