कोंबड्यांची अंडी खाण्याची खोड

परसात दहाबारा कोंबड्या बाळगणाऱ्या घरी अंड्यांची संख्या एकाएकी घटली म्हणजे पहिला संशय मुंगसावर जातो, मग सापावर, आणि कित्येकदा शेजारच्या पोरांवरही. खुराड्याचे दार घट्ट लावले, पाळत ठेवली, तरी अंडी कमीच भरतात. अशा वेळी घरट्यातील पेंढा हाताने चाचपून पाहावा. तो ओलसर व चिकट लागला तर चोर खुराड्यातच आहे असे समजावे. कवचाचे तुकडे मिळतीलच असे नाही, कारण कोंबडी बलकाबरोबर कवचही गिळते. परसातील देशी कोंबडी वर्षाकाठी ६० ते ८० अंडी देते. अंडी विकून मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यांचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला त्यांतील प्रत्येक अंड्याची किंमत असते.

अशी कोंबडी सापडली की तिला कापून वा विकून मोकळे होण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु महिन्याभरात दुसरी कोंबडी तेच करू लागते. याचे कारण असे की, ही खोड बहुधा फुटलेल्या अंड्यापासून सुरू होते. टणक, शाबूत अंड्यावर कोंबडी सहसा चोच चालवीत नाही. एखादे अंडे पायाखाली तडकते, ती सहज टोचून पाहते, बलकाची चव लागते, आणि पुढे ती आपणहून अंडी फोडू लागते. एकीचे पाहून दुसरीही शिकते. म्हणून पहिले अंडे का फुटले, याचा शोध आधी घेणे अगत्याचे आहे.

पुष्कळदा दोष कवचाचा असतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात व त्यांपैकी सुमारे २० तास कवच बनण्यातच जातात. हे काम बव्हंशी रात्री चालते. केवळ ज्वारीबाजरीच्या दाण्यावर ठेवलेल्या कोंबडीला एवढा चुना मिळत नाही. ती काही काळ आपल्या हाडांतील चुना काढून देते, आणि मग कवच पातळ पडू लागते. यास्तव शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावी व दुपारनंतर ते भांडे भरलेले आहे ना, हे पाहावे. कोंबडी आपल्या गरजेपुरते खाते. लहान पिलांना मात्र अंड्यावरील कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य देऊ नये. त्याने त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. घरातील अंड्यांची टरफले तशीच उकिरड्यावर टाकण्याची सवयही वाईट, कारण कोंबडीला अंड्याची ओळख तेथेच पटते. ती भाजून, पार चुरा करून दिल्यास हरकत नाही.

उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबड्यांची कवचे चांगल्या खाद्यावरही पातळ होतात. त्यांना सावली व दिवसभर थंड पाणी मिळाले पाहिजे. वय झालेल्या कोंबडीचे अंडे मोठे व कवच नाजूक असते. परंतु साऱ्या थव्यातच एकदम मऊ कवचाची अंडी दिसू लागली, तर राणीखेतसारख्या रोगाची शंका धरून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणे इष्ट.

दुसरा दोष घरट्यांचा. दहाबारा कोंबड्यांना एकच टोपली असली म्हणजे सकाळी तीन कोंबड्या एकीवर एक बसतात आणि खालचे अंडे तडकते. चारपाच कोंबड्यांमागे एक घरटे हवे. फूटभर लांब, रुंद व उंच असे जुने खोके चालते. ते अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून तळाशी दोन इंच कोरडा पेंढा किंवा तूस घालावे. रात्री घरट्यात कोंबड्यांना बसू देऊ नये. त्यांच्यासाठी दांडी घरट्यापेक्षा उंचावर असावी. खुडूक कोंबडीने जागा अडवली असेल तर तिला वेगळी काढावी. बहुतेक अंडी सकाळी घातली जातात, म्हणून दुपारपर्यंत दोन वेळा तरी ती उचलावीत. सायंकाळी एकदाच टोपली घेऊन जाण्याची रीत या खोडीला पोसते. फुटलेल्या अंड्याने भिजलेला पेंढा त्याच वेळी काढून टाकावा.

अंड्यात तिखट भरून ठेवण्याचा उपाय गावोगाव सांगितला जातो. त्याचा उपयोग होत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. राखणीवर बसलेल्या शेतकऱ्याने मिरचीच्या वावरात पाखरे पाहिली असतीलच. त्यापेक्षा घरट्यात लाकडाची किंवा चिनीमातीची खोटी अंडी ठेवावीत. चार वेळा चोच आपटून काही हाती लागले नाही की नवशिकी कोंबडी नाद सोडते. मुरलेल्या कोंबडीसाठी घरट्याच्या तळाला थोडा उतार देऊन अंडे घरंगळत मागच्या झाकलेल्या खणात जाईल अशी योजना करावी. गावचा सुतार ती सहज करून देतो.

गुन्हेगार ओळखण्यास सकाळी चोची पाहाव्यात. चोचीवर वा गळ्याच्या पिसांवर वाळलेला बलक दिसेल, ती कोंबडी दोन आठवडे निराळ्या डालग्याखाली ठेवावी आणि तेवढ्या काळात घरटी व खाद्य सुधारून घ्यावे. परत सोडल्यावरही तिने अंडी फोडलीच, तर तिला थव्यात ठेवण्यात अर्थ नाही. ती बाजारात न्यावी.