पट्टी किती दिवसांनी सोडायची?

१८६५च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांच्या जेम्स ग्रीनलीजला आणलं. गाडीचं चाक जाऊन त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, वर उघडी जखम. अशा जखमेत पू व्हायचा आणि पुष्कळदा पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लात भिजवलेलं कापड बांधलं आणि चार दिवस जखमेला हात लावला नाही. सोडून पाहिलं तर पू नव्हता. पाय वाचला.

औषध पुढे सर्वांनी उचललं. ते चार दिवस मात्र विसरले गेले. १९६८मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. या पांढऱ्या मलमाने भाजलेल्या रुग्णांचे प्राण वाचवले, पण ते रोज लावायचं, जुना थर रोज पुसून काढायचा. त्यावर बांधलेला, वाळलेला गॉज सलाइनने कितीही भिजवला तरी निघताना नवी, गुलाबी कातडी घेऊनच निघतो. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की मूल आईच्या पदराला घट्ट धरतं. या हालांची नोंद फार उशिरा घेतली गेली.

खरं तर ओलसर जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२मध्येच डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर लावून पट्ट्या केल्या. त्या जखमेला चिकटत नसत. १९९१मध्ये सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: सात दिवसांत मध लावलेल्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, सल्फाडायझिनच्या गटात ७ टक्के. पण म्हणून घरच्या बरणीतला मध लावू नये. जखमेसाठी निर्जंतुक केलेला वेगळा मिळतो.

आता चांदीयुक्त फोमच्या पट्ट्या तीन ते सात दिवस राहतात. तरी तान्ह्या बाळाला जपावं लागतं: दोन महिन्यांखालच्या बाळाला सल्फाडायझिन लावत नाहीत, जखमेवरचं आयोडीन शोषलं गेलं तर थायरॉइड बिघडू शकतो. ताप आला, लाली पसरू लागली, तर नुसत्या पट्टीवर भागत नाही, अँटिबायोटिक हवंच. जखम स्वच्छ झाली की चांदी थांबवावी.

फोम महाग आहे. जिथे तो परवडत नाही, तिथे निदान ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी मुलाला वेदनाशामक मिळालंच पाहिजे.