तीनदा विसळलेली काच

सकाळी 8:30. पुण्यातली एक प्रयोगशाळा. मावशी हातमोजे चढवतात. समोर कालचे फ्लास्क, आतून तपकिरी. काचेला धरलेली ही चांदी पातळ नायट्रिक आम्लानं सुटते. मग नळाखाली धुणं, मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळणं. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड मागे राहिलं, तर पुढच्या प्रयोगातली चांदी त्याच्याशीच जुळते. फ्लास्क दुधाळ होतो, चार दिवसांचं काम जातं.

9:45. संशोधक ताई शेकर थांबवतात. 28 अंश, मिनिटाला 200 फेरे, चार दिवस. माल्ट, ग्लुकोज, यीस्ट, पेप्टोनवर फ्युजॅरियम बुरशीचे पांढरे गोळे पोसलेत.

"मावशी, बघा, हरभऱ्याला मर लावते ती हीच."

"आमचं अर्धं वावर वाळवलं होतं हिनं."

11:15. बुरशी धुऊन 10 ग्रॅम तोलली, 100 मिलिलिटर पाण्यात सोडली. सिल्व्हर नायट्रेट कुलपातून निघतं. लागतं 17 मिलिग्रॅम. ताई पंखा बंद करून तोलतात. जोडीला दुसरा फ्लास्क, तेवढीच चांदी, बुरशी नाही. दोन्ही अंधारात.

1:30. डबे. दहा रुपयांचा चहा. ताईंची फेलोशिप महिना 37,000, घरभाडं वेगळं. मावशी कंत्राटावर. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले.

3:00. तीन दिवसांपूर्वीची जोडी बाहेर येते. बुरशीचा फ्लास्क कोऱ्या चहासारखा झालाय. बुरशीनं पाण्यात सोडलेल्या विकरांनी चांदीचे कण घडवले, तिच्या प्रथिनांनी ते सुटे ठेवले. एरवी यासाठी अनेकदा सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरतात. प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर 420 नॅनोमीटरजवळ आलेख उंचावतो, कण झाल्याची खूण. 2003 साली पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अब्सार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी याच बुरशीकडून 5 ते 15 नॅनोमीटरचे कण मिळवले होते. बिनबुरशीचा फ्लास्क अजून नितळ आहे. ताई आधी त्याचीच नोंद करतात.

5:15. वापरलेली बुरशी ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंश, 20 मिनिटं. मर जिवंत बाहेर जाता कामा नये. चांदीचं धुवण वेगळ्या कॅनमध्ये. चांदी जंतू मारते, ओढ्यातले उपयोगी जंतूही.

6:00. मावशी शेवटचा फ्लास्क उजेडात धरतात. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं. इथे एक थेंब अडकलाय. गेटवर सहाची वेळ लिहायची असते. मावशी पुन्हा नळ सोडतात.