पुन्हा विचारू नका

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारखे पेले ठेवावेत आणि दोन्हींत सारखंच पाणी भरावं. "सारखं आहे ना?" "हो." मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतून पुन्हा तेच विचारावं. मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवतं, "यात जास्त." स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896–1980) यांचा हा प्रयोग शिक्षक होऊ घातलेल्या प्रत्येकाला शिकवला जातो. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हे सहा-सात वर्षांपर्यंत उमगत नाही, हा त्याचा निष्कर्षही बहुतेकांना पाठ असतो.

ओट्याशी स्टुलावर उभ्या असलेल्या माझ्या भाचीनेही हेच उत्तर दिलं. पण ते देताना ती पाण्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. आत्या एकच प्रश्न दोनदा विचारतेय, म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असा तिचा हिशोब असावा. तर्क तिनेही केला होता, फक्त तो पाण्याबद्दलचा नव्हता, माझ्याबद्दलचा होता.

ही शंका संशोधकांनाही आली होती. 1974च्या सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि एक रांग हलवण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलाला दिलं. अस्वल खोक्यातून बाहेर येतं, रांग विस्कटतं आणि जातं. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग हलवली, तेव्हा सुमारे 16 टक्के मुलांनीच सोंगट्या तेवढ्याच आहेत असं सांगितलं होतं. अस्वलाने हलवल्यावर तसं सांगणारी मुलं 62 टक्क्यांच्या आसपास गेली. मुलं चार ते सहा वर्षांचीच आणि प्रश्नही तोच. अस्वलाच्या मनात काही हेतू असेल, असं मात्र कोणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

घरोघरी दिवसभर आपण हेतू असलेल्या मोठ्या माणसासारखेच वागतो. उत्तर बरोबर आलं की "शाब्बास!", चुकलं की "नक्की? परत बघ बरं." या दोन सुरांवरून मूल निकाल ओळखतं, मग विचार करायची त्याला गरजच काय? माझी वहिनी यातली पक्की आहे. उत्तर बरोबर असो की चूक, ती त्याच सुरात विचारते, "कशावरून?" भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"बाबा घरी आलेत."
"कशावरून?"
"दारात चप्पल आहे."
"ती सकाळपासूनच तिथे असेल तर?"
भाची उठली, चपलांचं कपाट उघडून बघून आली. "ऑफिसचे बूट पण आहेत. म्हणजे आलेत." जरा थांबून म्हणाली, "किंवा आज गेलेच नाहीत." वहिनी भाजी निवडतच राहिली. बाबांना हाक मारून तिथेच खात्री करून देण्याचा मोह तिने कसा आवरला, कोण जाणे. मला तो आवरला नसता.

बाजारात 'लॉजिक वाढवा' म्हणून रंगीत वह्या मिळतात, ॲबॅकसचे वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. ॲबॅकसने आकडेमोड झपाझप होते, हे खरं. पण वेग निराळा आणि 'असं का' हे सांगता येणं निराळं. या घरात खेळ चालतो तो बिनपैशाचा. एकाने 1 ते 100 मधला आकडा मनात धरायचा आणि दुसऱ्याने हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून तो शोधायचा. नऊ वर्षांचा भाचा दर वेळी शिल्लक आकडे निम्मे करत जातो. 100 चे 50, मग 25, 13, 7, 4, 2 आणि शेवटी 1. जास्तीत जास्त सात प्रश्नांत आकडा सापडतोच. भाची मात्र "37 आहे का? 82 आहे का?" करत बसायची आणि प्रत्येक "नाही"ला हिरमुसायची.

युक्ती तिला कोणी सांगितली नाही. वहिनीने भूमिका तेवढ्या बदलल्या. आकडा भाचीच्या मनात, प्रश्न दादाचे. समोर दहा ओळींचा अंकांचा तक्ता, आणि जे आकडे बाद होतील त्यांवर भाचीने राजमा ठेवायचा. दादाच्या पहिल्याच प्रश्नाला अर्धा तक्ता झाकायची वेळ आली आणि वाटीतला राजमा पुरेना. पुढचा डाव तिचा. "10 पेक्षा मोठा आहे का?" "हो." एकच ओळ झाकली गेली. ती तक्त्याकडे बघून कुरकुरली, "एवढंच?" आणि त्यापुढच्या डावात थेट 60 वर गेली. बरोबर मधोमध नाही, पण उडी तिची स्वतःची होती.

अशा घरात मोठ्यांची मात्र पंचाईत होते. परवा पाऊस सुरू झाला.

"भिजू नकोस गं, सर्दी होईल," आजी म्हणाली.
"काल दादा भिजला. त्याला कुठे झाली?"
"सगळ्यांनाच होते असं नाही."
"मग मला होईल, हे कशावरून?"

आजीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीची भाजी अजून निवडून झाली नव्हती. "बरं, होईलच असं नाही," आजी म्हणाली, "पण टॉवेल बाहेर काढून ठेव. आणि दादाची छत्री मोडू नकोस."