धाग्यातील औषध

कापूस पिंजावा, त्याचे पेळू वळावेत आणि चरख्यावर त्यांचे सूत कातावे, ही कला आपल्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूरपासून फार दूर नसलेल्या उदगीर येथे राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी आजही विणली जाते. सुताने मनुष्याचे अंग झाकले, तसेच शरीराला इजा झाली तेव्हा त्याची जखमही बांधली. ह्याच सूतकताईला आता एक नवे रूप प्राप्त झाले आहे. त्यात चरख्याचे काम वीज करते, आणि निघणारा धागा जखम नुसती झाकत नाही, तर तिला बेताबेताने औषधही पुरवितो.

अशा धाग्याची गरज का भासावी? चाकूरच्या परिसरात सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत विळ्याने बोट कापणे किंवा शेतातील धसकट पायात शिरणे ही नित्याची गोष्ट आहे. निरोगी माणसाची जखम थोड्याच दिवसांत भरून येते. परंतु मधुमेहाने ग्रासलेल्या माणसाच्या पायाची संवेदना मंदावते व तेथील रक्तपुरवठाही कमी होतो. त्यामुळे लहानशी जखम महिनोन् महिने चिघळत राहते आणि कधी कधी पाय गमावण्याची पाळी येते. साधी कापडी पट्टी जखमेवर वाळून चिकटते. ती सोडविताना कोवळी त्वचाही निघून येते. वर लावलेले मलम जखमेतील स्रावाबरोबर वाहून जाते. शिवाय पट्टी बदलण्यासाठी दवाखान्याची वाट धरली की मजुराचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो.

जखम उघडी ठेवून वाळवावी, असा पूर्वी समज होता. १९६२ साली जॉर्ज विंटर ह्या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने वाढते. तेव्हा चांगल्या पट्टीने जखमेचा ओलावा राखावा, हवा आत जाऊ द्यावी, जंतूंना मात्र अडवावे आणि औषध हळूहळू सोडावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. अतिसूक्ष्म तंतूंची पट्टी ही सर्व कामे करू शकते.

हे तंतू ज्या पदार्थांपासून काढतात, त्यांना बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतात. कोळंबी व खेकडे ह्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसन हे त्यांपैकी एक होय. बहुवारिक योग्य द्रवात विरघळवून त्यातच औषध मिसळतात. हे दाट द्रावण पिचकारीत भरून सुईवाटे अगदी सावकाश पुढे ढकलतात. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. येथे सुईला दहा हजार ते तीस हजार व्होल्टचा दाब देतात. त्या ओढीने सुईच्या टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जातो आणि त्याच्या अग्रातून एक बारीक धार निघते. ही धार हवेत भोवऱ्यासारखी गरगरते व क्षणोक्षणी अधिक बारीक होत जाते. वाटेतच द्रव उडून जातो आणि वीतभर अंतरावरील धातूच्या पत्र्यावर कोरड्या तंतूंचा पांढरा थर साचतो. जत्रेत 'म्हातारीचे केस' तयार होताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ह्या दृश्याची कल्पना येईल. मात्र तेथे साखरेच्या पाकाला फिरते यंत्र भिरकावते, येथे वीज ओढून घेते.

विजेची ही ओढ विल्यम गिल्बर्टच्या दृष्टीस इ. स. १६०० च्या सुमारासच पडली होती. घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेताच थेंब शंकूचा आकार घेतो, असे त्याने नमूद केले. १९०२ साली जॉन कूली ह्याला अशा कताईचे एकस्व मिळाले, आणि १९६४ साली जेफ्री टेलर ह्याने त्या शंकूचे गणित मांडले. म्हणून त्या शंकूला 'टेलरचा शंकू' हे नाव पडले.

ह्या तंतूंची जाडी बहुधा काहीशे नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. कापसाचा तंतू सुमारे पंधरा हजार नॅनोमीटर जाड असतो. धागा निम्म्याने बारीक केला की तेवढ्याच पदार्थाचा पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणून दोनशे नॅनोमीटरच्या तंतूंना कापसाच्या कित्येक पट पृष्ठभाग लाभतो. आपल्या त्वचेखालील पेशी ज्या जाळीच्या आधाराने वाढतात, तिच्याशी ह्या थराचे बरेच साम्य आहे.

औषध सुटते कसे? काही औषध तंतूतून पाझरते, तर काही बहुवारिक विरघळेल तसे मोकळे होते. बहुवारिक जलद विरघळणारे असल्यास औषध काही तासांत संपते. सावकाश झिजणारे असल्यास ते अनेक दिवस पुरते. पृष्ठालगतचे औषध मात्र आरंभीच एकदम बाहेर पडते. हे टाळण्यासाठी एकात एक बसविलेल्या दोन नळ्यांतून कताई करतात. करंजीच्या पारीत सारण असावे, तसे औषध आत राहते व बाहेरचे वेष्टन त्याला आवर घालते.

अडचणीही आहेत. एका सुईतून तासाभरात फार झाले तर ग्रॅमभर तंतू निघतात. म्हणून अनेक सुयांची यंत्रे योजावी लागतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक सुमारे साठ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने त्याची पट्टी वाफेवर निर्जंतुक करता येत नाही. विरघळविणाऱ्या द्रवाचा अंशही तंतूत राहता कामा नये. म्हणूनच ह्या विषयावरील बरेचसे काम अद्याप प्रयोगशाळांतच चालू आहे. पट्टी स्वस्त व निर्धोक झाली आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली, तरच शेतमजुराला तिचा खरा उपयोग. तोपर्यंत जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, तिच्यावर माती किंवा चुना लावू नये आणि धनुर्वाताची लस टोचून घेण्यास विलंब करू नये, हेच हिताचे.